भाजीतली रम आणि घरातली वडीलधारी मंडळी

‘‘डॉक्टर, शिजवल्यावर दारू उडूनच जाते ना?’’ हा प्रश्न अलीकडे माझ्या दवाखान्यात वरचेवर विचारला जातो. विचारणारी बहुधा घरातली सून असते किंवा सुट्टीसाठी मुंबई-पुण्याहून आलेला नातू. आपल्या शाहूवाडी तालुक्यात लष्करातून निवृत्त झालेल्यांची घरे पुष्कळ. त्यामुळे सैनिकी कॅन्टीनमधून आणलेली रमची बाटली कपाटात असणे नवलाचे नाही. नवल आहे ते तिचा मुक्काम कपाटातून ओट्यावर हलला याचे. मोबाइलवर पाहून कोणी राजम्यात रम घालतो, कोणी पनीर किंवा अळंबी तिच्यात परततो, तर कोणी कच्च्या फणसाच्या फोडी तिच्यात मुरवतो. त्याच ताटावर आजी-आजोबाही बसलेले असतात. म्हणून या प्रश्नाचे उत्तर आपण नीट समजून घ्यावे, असे मला वाटते.

प्रथम, रम घालावीशी का वाटते ते पाहू. साखर कारखान्यात उसाच्या रसातून साखरेचे दाणे काढून घेतल्यावर जी काळी, दाट मळी उरते, ती आंबवून व ऊर्ध्वपातन करून रम तयार होते. पुढे लाकडी पिंपात मुरताना तिला गडद रंग आणि व्हॅनिलासारखा गंध येतो. अल्कोहोल पाण्यात मिसळते आणि मसाल्यांतील तैलयुक्त सुगंधही आपल्यात विरघळवून घेते. त्यामुळे भाजीचा वास खुलतो. चवीचे हे कौतुक खोटे नाही आणि मी ते नाकारणारही नाही.

आता मूळ प्रश्न. शुद्ध अल्कोहोल सुमारे ७८ अंश सेल्सिअसला उकळते आणि पाणी १०० अंशांना. यावरून लोक समजतात की भाजीला उकळी फुटली की दारू संपली. परंतु भाजीत अल्कोहोल एकटे नसते. ते पाण्यात, तेलात आणि मसाल्यात मिसळलेले असते व वाफेबरोबर हळूहळू बाहेर पडते. अमेरिकेत १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मद्य घालून केलेले पदार्थ शिजवून मोजले गेले. त्यांत पदार्थानुसार मूळ अल्कोहोलपैकी ४ टक्क्यांपासून ८५ टक्क्यांपर्यंत भाग शिल्लक सापडला. तेथील कृषी खात्याच्या तक्त्यानुसार, उकळत्या रश्शात मद्य घालून लगेच आच बंद केली तर सुमारे ८५ टक्के अल्कोहोल उरते. ज्वाला पेटवून दाखवण्याच्या प्रकारात ७५ टक्के उरते. मंद आचेवर १५ मिनिटे शिजवल्यास ४० टक्के, एक तास शिजवल्यास २५ टक्के आणि अडीच तासांनीही ५ टक्के शिल्लक राहते. पसरट कढईत ते अधिक उडते. झाकण ठेवले की वाफ आतच थांबते आणि उडण्याचे प्रमाण घटते.

हे आकडे ताटात उतरवून पाहू. आपल्याकडील रमच्या बाटलीवर साधारणतः ४२.८ टक्के अल्कोहोल असा उल्लेख असतो. म्हणजे ६० मिलिलिटर रममध्ये सुमारे २० ग्रॅम अल्कोहोल झाले. चौघांच्या भाजीत ती घालून १५ मिनिटे शिजवली तर प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे २ ग्रॅम येईल. शेवटी घालून गॅस बंद केला तर ४ ग्रॅमहून थोडे अधिक. तुलनेसाठी सांगतो, ३० मिलिलिटर रमच्या पेल्यात सुमारे १० ग्रॅम अल्कोहोल असते. निरोगी प्रौढ माणसाने अशी वाटीभर भाजी खाल्ली तर त्याला काही होण्याची शक्यता फार कमी. हे मी मोकळेपणाने सांगतो, कारण विनाकारण भीती घालणे हे डॉक्टरचे काम नव्हे.

पण घरातला प्रत्येक जण निरोगी प्रौढ नसतो. व्यसनमुक्तीसाठी डायसल्फिराम ही गोळी घेणाऱ्या रुग्णाला अत्यल्प अल्कोहोलही सोसत नाही. चेहरा लाल होणे, छातीत धडधड, उलट्या, रक्तदाब खाली येणे असा त्रास होऊ शकतो. गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत हा धोका संभवतो. जुलाब, आव, दातांचा संसर्ग यांवर दिल्या जाणाऱ्या मेट्रोनिडाझोल, टिनिडाझोल या गोळ्या चालू असताना आणि त्या संपल्यावरही दोन-तीन दिवस मद्य टाळण्याचा सल्ला दिला जातो. यकृताचा सिरोसिस झालेल्यांनी अल्कोहोल मुळीच घेऊ नये. उतारवयात शरीरातील पाण्याचे प्रमाण घटते, त्यामुळे तेवढ्याच अल्कोहोलची रक्तातील पातळी तरुणापेक्षा अधिक चढते. त्यात झोपेची गोळी असेल तर गुंगीत भर पडते, आणि रात्री लघवीला उठताना तोल गेला तर खुब्याच्या हाडावर बेतू शकते. लहान मुले आणि गर्भवती यांच्या पानात तर असा पदार्थ वाढूच नये.

आणखी एक वर्ग आहे, ज्याचा विचार कोणी करत नाही. माझ्या माहितीतील एक गृहस्थ अनेक वर्षांच्या प्रयत्नांनी दारूपासून दूर झाले होते. एका घरगुती मेजवानीत त्यांनी पहिल्या घासानंतर पान बाजूला सारले. भाजी तिखट लागली असावी, असे घरच्यांना वाटले. पुढे ते मला म्हणाले, ‘‘चव ओळखीची लागली डॉक्टर, आणि रात्रभर डोळा लागला नाही.’’ त्या भाजीतील अल्कोहोल मोजले असते तर नगण्य भरले असते. त्यांच्या दृष्टीने मात्र तो वर्षांच्या साधनेवरचा घाव होता.

म्हणून मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती गोष्ट म्हणजे आधी सांगणे. रम उसापासून होते, म्हणून ती शाकाहारी आहे, हा युक्तिवाद बरोबर आहे. पण शाकाहारी म्हणजे सर्वांना चालणारे नव्हे. ज्यांच्या गळ्यात तुळशीची माळ आहे, ज्यांचा धर्म मद्य निषिद्ध मानतो, ज्यांनी स्वतःशी शपथ घेतली आहे, त्यांना ‘थोडीशीच आहे, कळणारही नाही’ म्हणून वाढणे हा विश्वासघात आहे. म्हातारपणी माणूस कितीतरी बाबतींत परावलंबी होतो. समोर आलेले पान तो निःशंकपणे खातो, कारण वाढणाऱ्या हातावर त्याची श्रद्धा असते. ती श्रद्धा जपणे हा शुश्रूषेचाच भाग आहे.

अपघाताविषयीही दोन शब्द. पेटत्या शेगडीवरील कढईत बाटलीतून थेट रम ओतू नये. ज्वाला धारेवरून बाटलीपर्यंत पोहोचू शकते. घरात कोणाला ऑक्सिजन लावलेला असेल तर ज्वाला पेटवण्याचा खेळ सर्वस्वी वर्ज्य. भडका उडालाच तर गॅस बंद करून कढईवर झाकण ठेवावे, पाणी ओतू नये. आणि हातभट्टीची दारू स्वयंपाकात कदापि वापरू नये. तिच्यात विषारी मिथेनॉल असू शकते आणि शिजवल्याने ती भरवशाची होत नाही.

मग त्या चवीचे काय? तिचे उत्तर आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातच आहे. गुऱ्हाळात उसाचा रस आटवताना गूळ होण्याच्या अगोदर जी काकवी मिळते, तिच्यात उसाची तीच खोल, किंचित करपूस गोडी असते. कच्च्या फणसाच्या फोडी प्रथम मऊ उकडून घ्याव्यात. कवळी लावणाऱ्यांना त्या चावता आल्या पाहिजेत. तेलात जिरे, दोन लवंगा, दालचिनीचा लहान तुकडा आणि कांदा खरपूस परतावा. त्यात बेताची कांदा-लसूण चटणी, फोडी, मीठ आणि दोन आमसुले घालून पंधरा मिनिटे मंद आचेवर मुरू द्यावे. उतरवताना चौघांच्या भाजीत एक चहाचा चमचा काकवी घालावी. रमची धग तिच्यात नाही, परंतु गडद गोडी आणि सुगंध निश्चित आहे. मात्र काकवी ही शेवटी साखरच; मधुमेहींनी एवढ्यावरच थांबावे. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी फणसातील पोटॅशियममुळे डॉक्टरांना विचारूनच ही भाजी खावी.

तरुणांनी हौसेने नवे पदार्थ करावेत. घरात नव्या चवी येणे हे जिवंतपणाचे लक्षण आहे. रम घालायचीच असेल तर वडीलधाऱ्यांसाठी त्याच भाजीचा एक वाटा आधी काढून ठेवावा, त्याला डाव वेगळा ठेवावा आणि वाढण्यापूर्वी कोणत्या भांड्यात काय आहे ते स्पष्ट सांगावे. घरातील ज्येष्ठांच्या औषधांची यादी स्वयंपाकघरात दर्शनी लावलेली असली, तर ओट्याशी उभ्या राहणाऱ्या प्रत्येकाला ती वाचता येईल. आणि आजी-आजोबांनो, ताटात अनोळखी वासाचे काही आले तर ‘यात काय घातले आहे?’ असे विचारायला संकोचू नका. पहिला घास घेण्यापूर्वी ते विचारण्याचा अधिकार तुमचा आहे.