लिंबागणेशला थांबलेली फियाट

मामानं किल्ली दिली ती अट घालूनच. ‘पुण्यापर्यंत नीट गेली तर तुझी. मधेच बसली तर मला फोन कर, भंगारवाल्याला सांगून ठेवलंय.’

गाडी म्हणजे प्रीमियर पद्मिनी, १९८६ची. स्टिअरिंगला गिअर, पुढे सलग सीट, १०८९ सीसीचं इंजिन. कुर्ल्याच्या कारखान्यातून ही गाडी आधी ‘डिलाइट’ म्हणून निघायची, मग ‘प्रेसिडेंट’, आणि १९७४ पासून ‘पद्मिनी’. आमच्या घरात मात्र कायम फियाटच!

तिचा आजार एकच, तेल गळणं. गॅरेजवाल्यानं टॅपेट कव्हरचं पॅकिंग दोनदा बदललं, तिसऱ्यांदा सरळ सांगून टाकलं, ‘इंजिन खोलावं लागेल.’ खर्चाचा आकडा गाडीच्या किमतीपेक्षा मोठा होता.

बीड सोडलं, मांजरसुंब्याला हायवेवरून जामखेडच्या रस्त्याला वळले. दोन्हीकडे बालाघाटचे डोंगर, खिडक्या उघड्या, मूड एकदम फर्स्ट क्लास. आणि लिंबागणेश यायच्या आतच जळक्या तेलाचा वास. बॉनेट उघडलं तर इंजिनची मागची बाजू काळी, चकचकीत. थेंब सायलेन्सरवर पडून धूर होत होता.

गावात एक मिस्त्री भेटले, ट्रॅक्टरवाले. गाडी बघून चक्क हसले. ‘गार होऊ द्या ताई. तवर गणपतीला जाऊन या.’

इथला गणपती भालचंद्र, कपाळावर चंद्र धारण करणारा. चंद्र गणपतीला हसला, शाप मिळाला, मग उःशापासाठी त्यानं इथेच तप केलं, असं गावात सांगतात. देवळातल्या गारव्यात बसून मी मात्र भंगाराचा भाव काय असेल याचा विचार करत होते. देवा, माफ कर.

परत आले तर मिस्त्री इंजिन धूत होते. रॉकेल आता कुठे मिळतंय, म्हणून डिझेलनं. कापडानं लख्ख पुसलं आणि पोराला दुकानात पिटाळलं, टाल्कम पावडर आणायला! मला वाटलं, थट्टा चाललीय. पण त्यांनी सगळ्या इंजिनभर पावडर मारली. तेल खाली ओघळतं आणि पंख्याच्या वाऱ्यानं मागे उडतं. म्हणून जिथे ओलं दिसतं, तिथे गळत असतंच असं नाही. कोरड्या पावडरवर पहिली रेघ जिथे उमटेल, ती खरी जागा.

इंजिन चालू केलं. आम्ही चौघं (एव्हाना दोन प्रेक्षकही जमले होते) टक लावून बसलो. पाच मिनिटांनी टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यातून बारीक काळी रेघ उतरली. म्हणजे पुन्हा पॅकिंगच? मिस्त्रींनी मान हलवली. तेल भरायचं झाकण उघडून वर नुसतं फडकं ठेवलं, नवी पावडर मारली आणि इंजिन तसंच चालवलं. दहा मिनिटं झाली, रेघ नाही!

पिस्टनच्या रिंगांना चुकवून थोडा गॅस खाली चेंबरमध्ये उतरतोच. तो बाहेर पडायला ब्रीदरचा पाईप असतो. पाईप तुंबला की आत दाब वाढतो आणि जिथे जोड कच्चा, तिथून तेल ढकललं जातं. पॅकिंग बिचारं फुकट बदनाम. पाईप काढला तर आत काळा, खरवसासारखा घट्ट गाळ. माझा मुख्य प्रश्न उरलाच होता : रिंगा गेल्या असतील तर? मिस्त्रींनी झाकणाच्या तोंडावर तळहात धरला. ‘फुंकर बारीक हाय. धूर न्हाई. कशाला खोलता इंजिन?’

पाईप धुऊन बसवला, पॅकिंग तेच ठेवलं, तेल भरलं. घेतले दोनशे रुपये, पावडरसकट.

मुंबईत शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. या इंजिनाच्या खोडी ओळखणारे हात शहरात आता किती उरलेत, कुणास ठाऊक. मी मिस्त्रींचा नंबर घेऊन ठेवलाय.

जामखेडला चहासाठी थांबले तेव्हा आधी डिपस्टिक पुसून बघितली. तेल वरच्या खुणेला. मग वाकून गाडीखाली डोकावले, तर मातीत एक थेंब होता. फोन लावला.

‘एकच ना?’ मिस्त्री म्हणाले. ‘तेवढा असू द्या ताई. फियाट हाय ती.’

मग मामाला फोन केला. थेंबाचं त्याला सांगितलं नाही.