हंसपद

मुद्रितशोधनात हयात घालवलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते : चुकलेले अक्षर डोळ्याला खुपते, गळलेले अक्षर खुपत नाही. ऱ्हस्वाचे दीर्घ झाले, काना सुटला, की नजर तिथे आपोआप अडखळते. पण एखादी अख्खी ओळच गळली आणि तिच्या मागचे-पुढचे वाक्य योगायोगाने जुळून गेले, तर पान अगदी निर्दोष दिसते. म्हणून छापखान्यात एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची आणि दुसऱ्याने मुद्रितावर डोळा ठेवायचा, अशी रीत होती. जे नाही ते डोळ्याला दिसत नाही. ते कानाने पकडावे लागते. मग त्या जागी समासात मजकूर लिहून ओळीत दोन तिरप्या रेघांची लहानशी खूण करायची. तिला हंसपद म्हणतात.

बडोद्याच्या दांडिया बाजारात राहणाऱ्या एका गृहस्थांनी अशी हंसपदे चौतीस वर्षे काढली होती. ज्या छापखान्यात त्यांनी ती काढली तो केव्हाच बंद पडला, शिशाचे खिळे वजनावर विकले गेले, आणि त्यांच्या बरोबरीचा जुळारी इंदूरला लेकीकडे राहायला गेला. दोघांचे सख्य मात्र तुटले नाही. जुळारी त्यांना ‘शास्त्रीबुवा’ म्हणे, ते त्याला ‘मास्तर’ म्हणत. आणि ते शास्त्री नव्हते तसा तोही कधी मास्तर नव्हता.

मोबाइल आल्यावर मास्तरांनी एक परिपाठ सुरू केला. रोज तिन्हीसांजेला इंदूरहून एक संदेश येई. त्यात छापखान्यातला एखादा शब्द आणि त्याच्यामागचे हाताचे ज्ञान असे. फर्मा आवळताना पाचर आधी बोटाने बसवावी, मग हातोडीने. खळ कोणत्या ऋतूत किती पातळ ठेवावी. छापून झालेले खिळे ज्याच्या त्या खणात परत सोडताना डोळ्यांवर नव्हे, बोटांवर भिस्त का ठेवावी. लिपी रोमन, भाषा मराठी, आणि मर्यादा एकशे साठ अक्षरांची. शास्त्रीबुवा तो संदेश वाचत आणि आपल्या साध्या फोनवरून दोन कळा दाबून नाशिकच्या पुतण्याकडे धाडत. पुतण्या तो देवनागरीत उतरवून ठेवी. पुढेमागे एक पुस्तिका करावी, असा तिघांचा बेत होता. हे ज्ञान कोणत्याही ग्रंथात नव्हते. ते एका म्हाताऱ्याच्या बोटांत होते, आणि ती बोटे थरथरू लागली होती.

२००८ च्या दिवाळीत मुलगा बंगळूरहून आला तो आयफोन घेऊन. त्याच वर्षीच्या २२ ऑगस्टला हा फोन भारतात विक्रीला आला होता; त्याची किंमत तीस हजारांच्या वर होती, आणि वृत्तपत्रांतून त्याचे कौतुक ओसंडत होते. ती वस्तू खरोखरच देखणी होती. काचेवर बोट फिरवले की चित्रे पाण्यावरून सरकल्यासारखी सरकत. नातवंडांचे फोटो दोन बोटांनी मोठे करता येत. शास्त्रीबुवांनी तिला नावे ठेवली नाहीत. चांगल्या छपाईची कदर असलेल्या माणसाला चांगली घडण कळते.

त्या संध्याकाळी मास्तरांचा संदेश आला. तो नाशिकला धाडायचा म्हणून त्यांनी कळ शोधली. ती नव्हती. मजकूर उचलून दुसरीकडे ठेवावा म्हटले, तर तीही सोय नव्हती. शब्दावर बोट दाबून धरले की भिंग उमटे, अक्षर मोठे दिसे. पण ते उचलता येत नसे. मुलाने बराच वेळ खटपट केली आणि अखेर किंचित ओशाळून म्हणाला, “बाबा, नाहीये खरंच यात. पण तुम्हाला ते लागणार तरी कशाला?”

खरोखरच ते नव्हते. ९ जानेवारी २००७ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे स्टीव्ह जॉब्झ यांनी हा फोन जगापुढे ठेवला, तेव्हा त्यात मजकुराची नक्कल करण्याची सोय नव्हती, आलेला संदेश पुढे पाठवण्याची नव्हती, चित्रसंदेशांची नव्हती आणि चलच्चित्रणाचीही नव्हती. दीड-दोन हजारांच्या फोनमध्ये यांतल्या काही गोष्टी विनातक्रार मिळत. यातला उपरोध असा की, कापणे-चिकटवणे ही संगणकावरची क्रिया ज्यांच्या नावाशी निगडित आहे ते लॅरी टेस्लर याच ॲपल कंपनीत १९८० पासून १९९७ पर्यंत होते. त्याआधी झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात, टिम मॉट यांच्यासह एका लेखन-प्रणालीवर काम करताना त्यांनी ही क्रिया घडवली होती. तिचे नावच मुळी संपादकाच्या टेबलावरून आलेले. हस्तलिखिताचा परिच्छेद कात्रीने कापायचा आणि खळ लावून दुसरीकडे डकवायचा, हे काम शास्त्रीबुवांनी आयुष्यभर केले होते. त्यांची कात्री आणि त्यांची खळ जगभरच्या संगणकांवर पोचली होती. नव्हती ती फक्त या देखण्या काचेत.

फोनचे चाहते म्हणत, अर्धवट देण्यापेक्षा न देणे बरे. या म्हणण्यात तथ्य नव्हते असे नाही. घाईने जुळवलेले पान उशिरा आलेल्या पानापेक्षा वाईट, हे छापखान्यातही सगळे मान्य करीत. पण ‘मूलभूत’ म्हणजे काय, हे कोणी ठरवायचे? घडवणाऱ्याच्या मनात वापरणाऱ्याचे एक चित्र असते. त्या चित्रातला माणूस गाणी ऐकतो, छायाचित्रे पाहतो, वाट शोधतो. एका म्हाताऱ्याचे शब्द दुसऱ्या म्हाताऱ्याने तिसऱ्या गावी पोचवायचे आहेत, ही गरज त्या चित्रात नसते. आणि वस्तू जितकी देखणी, तितके तिच्यातले गळलेले लवकर ध्यानात येत नाही. याच कंपनीच्या २०१० सालच्या आयपॅडला स्वतःचे गणकयंत्र मिळायला २०२४ साल उजाडावे लागले, तेही या जातीचेच उदाहरण.

शास्त्रीबुवांनी प्रथम संदेश पुन्हा टाइप करून पाहिला. कळफलकावर देवनागरी नव्हती. रोमन अक्षरांत मराठी लिहू लागले, तर फोन आपण होऊन शब्द ‘सुधारी’ आणि तिथे कुठला तरी इंग्रजी शब्द बसवी. चौतीस वर्षे दुसऱ्यांचे शब्द सुधारणाऱ्यावर हा प्रसंग यावा, याचे त्यांना हसू आले आणि रागही आला. मुलाचे मन मोडायचे नव्हते, म्हणून जुना फोन पुन्हा मागितला नाही. त्यांनी एक दोनशे पानी वही काढली आणि मास्तरांचा रोजचा शब्द तिच्यात शाईने उतरवू लागले. नाशिकची पाठवणी थांबली. वही भरली की टपालाने धाडू, असे त्यांनी ठरवले.

वही भरायच्या आत, २००९ च्या एप्रिलमध्ये, इंदूरहून संदेश येणे थांबले. मास्तरांच्या लेकीचा फोन आला तो तेराव्याचा दिवस कळवायला.

१७ जून २००९ रोजी त्या फोनची नवी प्रणाली निघाली. तिच्यात नक्कल करणे आले, संदेश पुढे पाठवणे आले. दोन वर्षे रखडलेल्या या गोष्टीचे जगभर स्वागत झाले. शास्त्रीबुवांनी तिचे स्वागत केले नाही आणि तिला दूषणही दिले नाही. मुलाने सुट्टीत येऊन ती प्रणाली फोनवर चढवली, आणि त्यांनी मास्तरांचे सगळे संदेश एकामागून एक नाशिकला पाठवले.

पावसाळ्यात पुतण्या बडोद्याला आला. दोघे छापखान्याच्या रीतीने बसले : पुतण्याने फोनवरचे मूळ मोठ्याने वाचायचे, आणि शास्त्रीबुवांनी वहीवर बोट ठेवायचे. काम सुरळीत चालले होते. हाताने उतरवलेली वही नेटकी होती. एकेक शब्द क्रमाने येत होता. मग पुतण्याने एक ओळ वाचली आणि शास्त्रीबुवांचे बोट थांबले. ती ओळ वहीत नव्हती.

मार्चमधला संदेश होता : “आज हात चालत नाही. शब्द उद्या. तुम्ही जेवलात का?”

त्यांना आठवले. तो संदेश आला तेव्हा त्यांनी वही उघडली होती आणि तशीच मिटली होती. यात शब्द कुठे आहे? हे कशाला उतरवायचे? पुस्तिकेत काय लागणार आणि काय नाही, हे त्यांनी त्या क्षणी, कोणाला न विचारता, ठरवून टाकले होते. पुढची पाने कोठे तुटली आहेत असे वाटतही नव्हते.

पुतण्या म्हणाला, “काका, पुढचा वाचू?”

“थांब जरा,” ते म्हणाले. त्यांनी चष्मा पुसला, लाल शाईचे पेन उघडले, दोन नोंदींच्या मधल्या जागेत हंसपद काढले, आणि ती ओळ समासात पूर्ण लिहून घेतली.