रेडिओतील घासलेली चांदी

या धाग्यात आजवर आपण बखरी, रुमाल आणि दफ्तरे पाहिली. आज एक बँड स्विच पाहू.

आकाशवाणीचे पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले आणि १ एप्रिल १९५५ पासून तेथून ‘गीतरामायणा’ची ५६ गीते प्रसारित झाली. पणजोबांच्या व्हॉल्व्हच्या रेडिओवर ही गीते आणि बातम्या यांखेरीज काही लागत नसे, अशी आमच्या घरची परंपरागत कथा आहे.

हा रेडिओ खरखरत असे. पेटीवर थाप मारली की क्षणभर गाऊ लागे. अशा संचात पुष्कळदा जळालेले काहीच नसते, केवळ कॉन्टॅक्ट मळलेले असतात. व्हॉल्व्हच्या पिना काळवंडतात, तापून-निवून सॉकेटच्या पकडी सैल होतात आणि बँड स्विचवरील चांदीच्या मुलाम्यावर हवेतील गंधकाने काळा थर धरतो. एरियलमधून येणारा संदेश इतका क्षीण असतो की त्याला तो थर भेदता येत नाही.

एका जाणकारांनी पॉलिश पेपर मारण्याचा सल्ला दिला. पण मुलामा केसाहूनही पातळ. तो गेला की दुरुस्तीही जाते आणि पुरावाही. म्हणून आधी प्लग काढून कंडेन्सरमधील वीज उतरवली (तेथे २५० व्होल्टच्या आसपास दाब साठलेला असू शकतो, हे विसरणे जिवावर बेतते) आणि भिंग लावले. मीडियम वेव्ह व शॉर्टवेव्ह यांमधल्या वाटेवर चांदी झिजून पितळ उघडे पडले होते!

त्या काळी मंत्री बाळकृष्ण केसकरांच्या धोरणामुळे आकाशवाणीवर चित्रपटगीते जवळजवळ वर्ज्य होती. रेडिओ सिलोनची ‘बिनाका गीतमाला’ मात्र दर बुधवारी रात्री शॉर्टवेव्हवर लागे. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीला विविध भारती सुरू करावी लागली.

अर्थात, झिजलेली चांदी काय ऐकले ते सांगत नाही. बीबीसीही शॉर्टवेव्हवरच असे. छायाचित्र काढून मगच आयसोप्रोपिल अल्कोहोलात भिजवलेल्या पट्टीने कॉन्टॅक्ट पुसले, स्विच वीस-पंचवीस वेळा फिरवला, व्हॉल्व्ह उपसून पुन्हा बसवले. खरखर थांबली.

छायाचित्र आजीला दाखवले. तिने ते बराच वेळ निरखले.

‘बुधवारी मामंजी भजनाला जात,’ एवढेच ती म्हणाली.