चढावरचं पाणी

विष्णुपुरीला गोदावरी थांबते. बंधाऱ्याला १८ दरवाजे, मागे शंकरसागर जलाशयाचं लांबच लांब पाणी. पावसाळ्यात दरवाजे उघडले की नदीकाठच्या वस्त्या धास्तावतात, उन्हाळ्यात हाच साठा नांदेडची तहान भागवतो. पण प्रकल्पाचं मूळ काम निराळं. इथलं पाणी पंपांनी उचलून कालव्यात सोडतात आणि ते लोहा-कंधारकडच्या रानांना जातं. शंकरराव चव्हाणांनी हा ध्यास घेतला होता. नदी खाली आणि शेतं वर, म्हणून हात जोडून बसायचं नाही, पाणी चढवायचं, हा विचारच मला फार मोठा वाटतो.

वर म्हणजे बालाघाटचा माळ. नांदेड समुद्रसपाटीपासून साधारण ३६० मीटरवर, लातूर ६३० च्या आसपास. या दोहोंमधला चढ इतका सावकाश आहे की एसटीत बसलेल्याला तो कळत नाही. सह्याद्रीसारखे कडे नाहीत, धबाबा कोसळणारं पाणी नाही. काळी जमीन पातळ होत जाते, मुरूम वर येतो, बांधाला सीताफळं आणि पळस दिसू लागतात, वारा मोकळा होतो, तेव्हा समजायचं की आपण माळावर आलो. कंधार, मुखेड, अहमदपूर, जळकोट, उदगीर ही सगळी या माळाची लेकरं.

त्याच माळावरची मुलं विष्णुपुरीला शिकायला येतात. १७ सप्टेंबर १९९४ ला इथं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं. हैदराबाद मुक्तीचा दिवस आणि त्या लढ्याच्या सेनापतीचं नाव, दोन्ही या विद्यापीठाने जन्मापासून अंगावर घेतली. नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली हे चार जिल्हे त्याच्या पदराखाली. संध्याकाळी वसतिगृहासमोर उभं राहिलं की कानावर किती तऱ्हांची मराठी पडते! उदगीरकडच्या बोलण्यात कानडीचा हेल, देगलूरकडच्याला तेलुगूचा वास, आणि मधेच बंजारा तांड्यावरच्या दोघांची गोरबोलीतली कुजबुज. या मुलांच्या घरी जे आहे ते अजून कुठल्याही पुस्तकात पुरतं आलेलं नाही. मला सांगायचं आहे ते एवढंच, की ते त्यांनीच लिहून घ्यावं, आणि आत्ता.

दगडात कोरलेल्या इतिहासाची मला तितकी काळजी वाटत नाही. राष्ट्रकूट राजे स्वतःला लट्टलूरचे म्हणवीत, आणि ते लट्टलूर म्हणजे आजचं लातूर, असं अभ्यासक मानतात. कंधारचा जगत्तुंग तलाव अजून पाणी धरतो. तिथल्या क्षेत्रपालाच्या महाकाय मूर्तीच्या पावलाचा तुकडा पाहिला की आख्खी मूर्ती केवढी असेल या विचाराने छाती दडपते. किल्ला आहे, हाजी सय्याह यांचा दर्गा आहे. हे सगळं उपेक्षित आहे, झाडोऱ्यात आहे, पण आहे. पुढच्या पिढीला जाग आली तर तिला ते सापडेल.

माणसाच्या डोक्यात जे आहे, ते मात्र माणसाबरोबर जातं.

मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला लोहा तालुक्यातल्या माळेगावला खंडोबाची यात्रा भरते. देवस्वारी निघते, वाघ्या-मुरळी येतात, तमाशाचे फड लागतात, घोड्यांचा बाजार तर दूरवर नावाजलेला. मी मात्र जनावरांच्या प्रदर्शनाकडे वळतो. लाल कंधारी वळू उभा असतो, गडद लाल, उन्हात जवळजवळ काळपट दिसणारा. त्याला पाहायला आलेला म्हातारा आधी काही बोलत नाही. पाठीवरून तळवा फिरवतो, कान हातात घेऊन त्याची लांबी बघतो, पोटाखाली वाकून पांढरा ठिपका तर नाही ना हे पाहतो. मग चार पावलं चालवून बघतो. आणि त्यानंतर जे सुरू होतं ते ऐकण्यासारखं असतं: याची आई कुणाच्या दावणीची, तिचा बाप कुठल्या गावचा, दुष्काळात ते खोंड कुणी विकलं आणि कुणी उपाशी राहून राखलं. शेजारी देवणी असते. तिच्यात वानेरा, शेवरा, बालंक्या असे भेद रंगावरून. तोंडावर काळा आणि अंगाने पांढरा तो वानेरा, हे तिथलं शेंबडं पोरही सांगतं. या दोन्ही जाती इथल्या कोरडवाहू शेतकऱ्याने घडवल्या आणि जपल्या. ट्रॅक्टर आला, दावणी रिकाम्या झाल्या, त्याबद्दल शेतकऱ्याला बोल लावणं मला मान्य नाही. बैल पोसणं सोपं नाही. पण त्या म्हाताऱ्याच्या तोंडची वंशावळ कुणी टिपून घेतली आहे का?

दुसऱ्या दिवशी वेळ अमावस्या, आमच्याकडची येळवस. लातूर शहर त्या दिवशी ओस पडतं. वकील, डॉक्टर, दुकानदार, सगळे कुणाच्या ना कुणाच्या शेतात. कडब्याची कोप, तिच्यात चुन्याने रंगवलेले पाच दगड म्हणजे पांडव, भज्जी, बाजरीचे उंडे, आणि माठातलं गारगार आंबील. कोपीभोवती आंबील शिंपडत फिरताना जी हाक देतात तिच्यात कानडी शब्द आहेत, आणि ती देणाऱ्या बहुतेकांना कानडी येत नाही. हा सण जपायला कुठली समिती लागली नाही. ज्याचं शेत नाही त्यालाही आग्रहाने बोलावतात, म्हणून तो टिकला.

सगळ्याच गोष्टींना असा आधार मिळत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपाने किल्लारी हादरली. गणेश विसर्जन उरकून लोक नुकते झोपले होते. मातीत रचलेल्या दगडांच्या रुंद भिंती आणि वर मातीचं जड माळवद; जे घर उन्हाळ्यात थंडावा द्यायचं तेच अंगावर आलं. हजारो माणसं गेली. ५२ गावं जुनी जागा सोडून नव्या वसाहतींत गेली. माळवदाची घरं परत बांधा, असं कुणीही शहाणा माणूस म्हणणार नाही, मीही म्हणत नाही. तरी त्या घरात एक शहाणपण होतं: भिंतीतलं धान्याचं बळद, ढेलजेतली बसण्याची रीत, पावसाआधी छताची माती दाबण्याची वेळ. ते बांधणारे हात आता थकले आहेत.

ओव्यांचं तसंच. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून १ लाखाहून अधिक ओव्या गोळा करून घेतल्या. केवढं हे काम! पिठाची गिरणी आल्यावर जात्याचं गाणं बंद पडणार हे उघडच होतं, आणि तसं होण्याआधी ही माणसं दारोदार फिरली. ओवी मागून मिळत नाही, हे त्या वाटेने गेलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. समोर बसवून, गा म्हटलं, तर आजी लाजते, आठवत नाही म्हणते. खुंट्याला हात लावू द्यावा, मूठभर जोंधळे घालावेत, मग भाऊ येतो, माहेर येतं, विठ्ठल येतो.

कंधारचे भाई केशवराव धोंडगे यांनी गुराखीगडावर गुराख्यांचं साहित्य संमेलन भरवलं होतं. गुरं राखणाऱ्याकडे साहित्य आहे, असं धरून चालणारा असा नेता विरळा. मला तो विचार वसतिगृहात हवा आहे. दिवाळीच्या सुट्टीत घरी जाणाऱ्या मुलाच्या खिशात आज ध्वनिमुद्रण करणारा फोन असतोच. त्याने आजोबांना विचारावं: माळवदाला माती कुठली आणायचा, किती थर द्यायचा? दारात कुठल्या जातीचे बैल होते, कुठल्या बाजारातून आणले? रझाकारांच्या दिवसांत घर सोडून कुठं जावं लागलं? आजीला विचारावं, येळवशीच्या भज्जीत तिच्या माहेरी काय काय पडायचं. शब्द बदलू नयेत, प्रमाण मराठीत नीटनेटके करू नयेत. एक प्रत विद्यापीठाच्या ग्रंथालयात ठेवावी आणि दुसरी गावच्या शाळेत, जिथं सगळ्यांना ती ऐकता येईल. शेजारच्या आळीतली एखादी म्हातारी ती ऐकून म्हणेलच, हे असं नव्हतं रे बाबा. मग तिच्याही दारी जाऊन बसावं लागेल.