पित्याकडून आलेली नोंद

माझा भाचा अबू धाबीत हिशेबनीस आहे. त्याच्या एका सहकाऱ्याचे आजोबा हैफाचे. सहकारी स्वतः लेबनॉनमध्ये जन्मला, हैफा त्याने पाहिलेले नाही. तरीही कागदोपत्री तो निर्वासित. हे कसे, असे भाच्याने मला विचारले.

संयुक्त राष्ट्रांनी 1949 मध्ये पॅलेस्टिनी निर्वासितांसाठी ‘उनर्वा’ ही संस्था स्थापिली. 1 जून 1946 ते 15 मे 1948 या काळात ज्याचे नेहमीचे वास्तव्य पॅलेस्टाइनमध्ये होते आणि 1948 च्या युद्धात ज्याने घर व उपजीविका दोन्ही गमावली, तो तिच्या नियमाने निर्वासित. आरंभी इस्राएलमधील विस्थापित यहुदीही तिची मदत घेत. 1952 मध्ये इस्राएल सरकारने तो भार स्वतः उचलला.

पुढील पिढ्यांची नोंद पित्याकडून होते. आपल्या शास्त्राप्रमाणे यहुदीपण मातेकडून येते. येथे नेमके उलट. निर्वासित स्त्रीने बाहेरच्या पुरुषाशी विवाह केल्यास तिच्या मुलांना संस्थेच्या सेवा मिळू शकतात, पण निर्वासित म्हणून नोंद मिळत नाही. 1950 साली नोंदलेले सुमारे साडेसात लाख होते, आता एकोणसाठ लाखांच्या आसपास आहेत.

असा वारसा जगात फक्त पॅलेस्टिनींनाच मिळतो, असे आपल्या मंडळींत ऐकू येते. ते अर्धसत्य होय. पाकिस्तानात जन्मलेल्या अफगाण निर्वासितांच्या मुलांचीही निर्वासित म्हणून नोंद झाली आहे. खरा फरक शेवटाचा आहे. 1951 च्या निर्वासित कराराप्रमाणे नवे नागरिकत्व मिळाले की दर्जा संपतो. उनर्वाची नोंद त्याने संपत नाही. जॉर्डनमधील बहुसंख्य नोंदलेले पॅलेस्टिनी त्या देशाचे नागरिकच आहेत.

अमिरातीत मात्र या नोंदीला काही मोल नाही. उनर्वाचे कार्यक्षेत्र जॉर्डन, लेबनॉन, सीरिया, पश्चिम किनारा व गाझा एवढेच. आणि अमिरातीने 1951 च्या करारावर सही केलेली नाही. तेथे तो सहकारी भाच्यासारखाच नोकरीच्या व्हिसावर राहणारा परदेशी. नोकरी गेली तर भाचा मुंबईचे विमान धरील. सहकाऱ्याने परतायचे ते लेबनॉनला, जेथे पॅलेस्टिनींना वकिली वा डॉक्टरकी करता येत नाही आणि 2001 च्या कायद्यापासून घरही विकत घेता येत नाही.

गेल्या वर्षी त्याला कन्या झाली. जन्मदाखला अबू धाबीचा. नोंद मात्र त्याने लेबनॉनमधील कुटुंबाच्या कार्डावर करवून घेतली. तिच्या मुलांना ती मिळेल की नाही, हे ती कोणाशी लग्न करते यावर ठरेल.