काटा मारते का?

दिवाळीच्या आगेमागे धामणगाव रेल्वेच्या बाजारात कापसाच्या गाड्या लागल्या की एक दृश्य हमखास दिसतं. खरेदीदाराचा माणूस गाडीवर चढतो, लांब पिनांचं एक यंत्र कापसात खुपसतो, जागा बदलून पुन्हा खुपसतो आणि आकडा वाचतो. नऊ. अकरा. खाली उभ्या असलेल्या शेतकऱ्याचा जीव त्या आकड्यात अडकलेला असतो. सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या, खरेदीत ८ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण हमीभाव मिळतो, पुढे १२ टक्क्यांपर्यंत कपात होते आणि त्याच्यावर गेलं की गाडी परत. मग गर्दीतून कुणीतरी म्हणतंच, ‘हे मीटर काटा मारते राजेहो!’

काटा मारणं हा शब्द तराजूचा. पण तो इथे चुकून पडलेला नाही. कापसात खुपसलेलं ते यंत्र म्हणजे खरं तर एक ओहममीटर. कोरडा कापूस विजेला अडवतो, ओला कापूस तिला वाट देतो. दोन पिनांमधला हा अडथळा मोजायचा आणि त्याचं टक्क्यांत भाषांतर करून दाखवायचं, एवढंच त्याचं काम. ज्या गावात पोतं, बोजा आणि क्विंटल यांवर वर्षाचा हिशेब बसतो, तिथे विजेनं केलेलं मोजमाप आणि त्याच्यावरचा संशय हे दोन्ही मल्टिमीटरच्या आधीपासून नांदत आहेत.

आता त्याच गाडीवाल्याच्या घरातला नववी-दहावीतला पोरगा घ्या. असा पोरगा गावोगाव सापडतो. बंद पडलेला इमर्जन्सी दिवा, मोबाईलचे मेलेले चार्जर, रानडुकरं आणि रोही हाकलायला शेताला लावलेल्या झटका मशीनचं जळकं बोर्ड, अशी त्याची खाटेखालची इस्टेट. त्याला मल्टिमीटर हवा आहे आणि खिशात तीनशे रुपये आहेत.

तीनशेत काय येतं? तो सर्वांच्या ओळखीचा पिवळा डबा, डीटी-८३०. मधोमध फिरवायची चकती, खाली तीन भोकं, आत ९ व्होल्टचा चौकोनी सेल. तो उघडून पाहण्यासारखा आहे. पाटीवर बिब्ब्याचा थेंब सांडावा तसा एक काळा ठिपका दिसतो. त्या ठिपक्याखालची चिप आयसीएल ७१०६ या घराण्यातली, १९७०च्या दशकात इंटरसिल या अमेरिकन कंपनीनं बाजारात आणलेली. १९९९पर्यंत मोजते, म्हणून तिला साडेतीन अंकी म्हणतात. एकेकाळी ही चीज प्रयोगशाळेत जपून ठेवली जायची. आता ती तीनशे रुपयांत मिळते, ही गोष्ट थोडी थांबून कौतुक करण्यासारखी आहे.

या डब्याला नावं ठेवायची फॅशन आहे. ती सगळी खरी नाहीत. बॅटरीचं व्होल्टेज मोजताना त्याची लिखित अचूकता साधारण अर्धा टक्का, अधिक शेवटच्या अंकात दोनची चूक. म्हणजे ५ व्होल्टच्या जागी तो ४.९५ ते ५.०५ यांच्यामधलं काहीतरी दाखवेल. आर्डुइनोवर दिवे लुकलुकवणाऱ्या पोराला याहून जास्त काय लागतं? काही लागत नाही.

तो काटा मारतो, पण वेगळ्या जागी. ९ व्होल्टच्या सेलला एकामागे एक असे दोन दहा लाख ओहमचे रेझिस्टर जोडा. मधल्या टोकावर निम्मं, म्हणजे साडेचार व्होल्ट असायला हवं. बऱ्यापैकी मीटर, ज्याचा स्वतःचा अडथळा एक कोटी ओहम असतो, ४.२९ दाखवतो. पिवळा डबा, ज्याचा अडथळा दहाच लाख, सरळ ३ दाखवतो. आणि आयटीआयच्या कपाटातला जुना काटेवाला, वीस हजार ओहम प्रति व्होल्टवाला, दहाच्या रेंजवर सव्वाच्या जरा वर थांबतो. तीन मीटर, तीन आकडे, आणि खोटं एकही बोलत नाही. नमुना पाहायला म्हणून गाडीतून कापसाची मूठ काढावी, तशी प्रत्येकानं मोजता मोजता थोडी वीज स्वतःकडे ओढली आहे. ज्याची मूठ मोठी, त्याच्या हिशेबात गाडी हलकी. चार्जर, बॅटरी, पाच व्होल्टचा पुरवठा अशा दमदार जागी ही मूठ जाणवत नाही. नाजूक सर्किटमध्ये जाणवते, आणि पोरगा आपलं सोल्डरिंग चुकलं म्हणून रात्रभर शोधत बसतो.

दुसरी खोड सेल उतरल्यावरची. मीटरच्या आत मोजायला एक ठरावीक व्होल्टेज धरलेलं असतं, तोच त्याचा गज. सेल फार उतरला की हा गज आखूड होतो, आणि गज आखूड झाला की कापड जास्त भरतं. मेलेली बॅटरी ठणठणीत दिसायला लागली, तर आधी मीटरचा सेल बदलून पाहावा.

मीटर या वस्तूचा जन्मच वैतागातून झाला. ब्रिटिश पोस्ट खात्यात तेव्हा टेलिफोनच्या ताराही असत. तिथला डोनाल्ड मॅकॅडी हा इंजिनिअर, अँपिअर, व्होल्ट आणि ओहम यांच्यासाठी वेगवेगळी उपकरणं वागवून कंटाळला, आणि त्यानं तिन्ही एका पेटीत कोंबली. १९२३ साली ती ‘ॲव्हो’ नावानं विक्रीला आली. नाव म्हणजे त्या तीन एककांची आद्याक्षरं. आपल्याकडे या पेटीचं माहेर म्हणावं तर नाशिक. स्वातंत्र्याआधी काँग्रेसच्या सभांना शिकागो रेडिओचे कर्णे पुरवणारं मोटवाने घराणं. त्यांचे काटेवाले मीटर नाशिकरोडचे. १९८२ साली नाशिकमध्येच ऋषभ इन्स्ट्रुमेंट्स उभी राहिली आणि २०११मध्ये तिनं पोलंडमधली ल्युमेल ही मापन उपकरणांची कंपनी विकत घेतली. खानदेश ओलांडला की येणाऱ्या गावातला माल आपल्याकडे पोचेपर्यंत चीनमधल्या शेन्झेनचा पिवळा डबा आधी येऊन बसलेला असतो, हा भावाचा खेळ.

पण एका बाबतीत या डब्याला माफी नाही. चकतीवर १००० आणि ७५० व्होल्ट असे आकडे ऐटीत छापलेले असतात. स्टेशनवर डोक्यावरून जाणाऱ्या तारेत २५,००० व्होल्ट खेळत असतात, त्या तुलनेत हे काय, असं वाटतं. मात्र घरातल्या २३० व्होल्टच्या लाइनमध्येही, मोटार बंद-चालू होताना किंवा जवळ वीज पडल्यावर, क्षणभर काही हजार व्होल्टचा फटका येतो. ‘कॅट-३, ६०० व्होल्ट’ या सुरक्षा दर्जासाठी खरोखर तपासून घेतलेला मीटर ६,००० व्होल्टचा असा फटका सोसतो. आतला फ्यूज वाळू भरलेला, उच्च क्षमतेचा असतो. पिवळ्या डब्यात काचेची बारीक नळी, आणि १० अँपिअरच्या भोकाला तर बहुधा तीही नाही. लाल वायर त्या भोकात विसरून कुणी सॉकेटचं व्होल्टेज पाहायला गेलं, की ते सरळ शॉर्ट सर्किट. शेतातल्या थ्री-फेज पंपाची पेटी, सोलर पंपाची शेकडो व्होल्टची डीसी लाइन, झटका मशीनची तार: या तिन्ही ठिकाणी हा डबा नेऊ नये. झटका मशीनचा तर एकच ठोका त्याला संपवायला पुरे.

मग विकत काय घ्यावं? बॅटरी आणि तीस व्होल्टच्या आतल्या खेळासाठी पिवळा डबा, बिनधास्त. हाच पोरगा पुढे घरातलं बोर्ड उघडणार असेल, तर आणखी थांबून हजार-पंधराशे जमवावेत आणि नावाजलेल्या कंपनीचा, कॅट-३ आणि खऱ्या फ्यूजचा मीटर घ्यावा. ट्रू आरएमएसचा, म्हणजे लहर कशीही असली तरी खरं व्होल्टेज दाखवणाऱ्या मीटरचा, मोह सुरुवातीला टाळला तरी चालेल. फक्त एवढं ठाऊक असावं की चौकोनी लहरीच्या स्वस्त इन्व्हर्टरवर साधा मीटर २३०च्या जागी २५५ दाखवतो, आणि इन्व्हर्टर बिघडला म्हणून कुणीतरी दुकानदाराशी भांडून येतो.

दुकानात तपासायलाही फार लागत नाही. एक नवा पेन्सिल सेल आणि एक टक्केवाले दोन-चार रेझिस्टर खिशात न्यावेत. सेल दीड ते एक पॉइंट सहाच्या दरम्यान आला पाहिजे, आणि रेझिस्टर आपल्या ठरलेल्या किमतीच्या आसपास. दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवल्यावर आकडा शून्याजवळ स्थिर राहिला पाहिजे. वायर हलवताच नाचायला लागला, तर तो मीटर खाली ठेवावा. चकती टकटक बसते का ते बोटांना कळतं. आणि कंटिन्युटीचा पीं आवाज येतो का ते ऐकावं. याच घराण्यातले काही डबे मुके असतात, बझरच नसतो. सर्किट शोधताना डोळे बोर्डवर आणि कान मीटरकडे असतात. मुका मीटर घेतला की दर वेळी मान वळवावी लागते आणि तेवढ्यात प्रोब घसरतो.

धामणगावातून नागपूरला, पुलगाव-वर्धा करत, रोज माणसं जातात, आणि सीताबर्डीत हे सगळं मिळतं. कुणाच्या हाती चिठ्ठी देऊन मागवणार असाल, तर ‘मल्टिमीटर’ या शब्दापुढे ‘बझरवाला’ एवढं लिहा, आणि खाली ९ व्होल्टचा एक जादा सेल.