सिंहगडची पंगत

दरवर्षीं थंडीच्या दिवसांत सदाशिव पेठेंतील एका स्नेह्याच्या घरीं आमची पंगत बसते. विद्यार्थिदशेंत दर रविवारीं आतकरवाडीच्या वाटेनें सिंहगड चढणारे आम्ही सारे. नियम एकच: पक्वान्न नाहीं, पिठलें, भाकरी, कांदा आणि दहीं. समुद्रसपाटीपासून सुमारें ४३०० फूट उंचीच्या त्या गडावर तेंच मिळे, आणि वर देवटाक्याचें थंडगार पाणी! ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्रीं तेथें धारातीर्थीं पडलेले तानाजी मालुसरे आणि लोकमान्यांचा तेथील बंगला, यांच्या गोष्टी आम्ही जेवतांना अभिमानानें सांगतों.

गेल्या वर्षीं सूनबाईंनीं वाढतां वाढतां विचारलें, "तिथं या भाकऱ्या कोण थापायचं?" आम्ही एकमेकांकडे पाहूं लागलों. दह्याचीं मडकीं डोक्यावर घेऊन आमच्या आधीं गड चढणारी, झोपडींत दिवसभर चुलीपुढें बसणारी ती बाई आम्हांस 'मावशी' एवढीच ठाऊक. तिचें नांव कोणीं विचारलेंच नव्हतें!

यंदा वाडींत जाऊन चौकशी केली. मावशी थकल्या आहेत, पण आल्या; झोपडींत त्यांच्याबरोबर राबलेल्या दोघी जावाही आल्या. त्यांस पहिल्या पाटांवर बसविलें आणि आम्हीं वाढलें. भाकरी मोडीत मावशी म्हणाल्या, "पीठ जुनं हाय लेकरांनो, म्हून चिरलीया." साठी उलटलेलीं लेकरें खालीं पाहून हंसलीं.

पंगतीच्या यादींत आतां मावशींचें नांव पहिलें आहे. तें लिहावयास आम्हांस चाळीस वर्षें लागलीं.